कार्थेजचे आजारपण आणि एक जुनी कादंबरी



फिरतीची नोकरी ही आपल्या घराण्यांच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. आपल्यापैकी कुणाचे पूर्वज शिंदे-होळकरांच्या मागून उत्तरेस गेले, कुणाचे गायकवाडीत स्थिरावले, तर कुणी इथे मोगलाईत कारकुनी, वकिली, मास्तरकी करीत राहिले. बिऱ्हाड एका गावी आणि काम दुसऱ्या गावी, असा संसार दोन-दोन पिढ्यांनी केला. अशा संसारात माणसाला सर्वांत धाक असे तो परगावी आजारी पडण्याचा. पथ्याचे कोण करील, रात्री पाणी कोण देईल, घरी कळवायचे कसे, हे सगळे प्रश्न तापाबरोबरच चढत.

माझे आजोबा निझामाच्या रेल्वेत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एकदा पूर्णा जंक्शनला त्यांना हिवतापाने गाठले. साल ते नक्की सांगत नसत. बाजारात कोयनेल मिळेनासे झाले होते, एवढे मात्र आवर्जून सांगत. ज्या सहकाऱ्याच्या घरी ते पडून होते, त्याच्या फडताळात हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’ची पाने सुटलेली प्रत होती. ताप उतरला की वाचायचे, चढला की मिटायचे, असे करीत त्यांनी ती पुरी केली. ‘मला औषधाने उठवले नाही, त्या पुस्तकाने उठवले,’ असे ते म्हणत. वैद्यकीयदृष्ट्या हे खरे नसणार. पण असे म्हणणारे माणूस जगात एकटे नाही, आणि त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नेमके त्याच युद्धातले आहे. त्याचा इतिहास आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. त्यातला रुग्ण आपल्याला प्रिय असण्याचे कारण नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो रुग्ण म्हणजे विन्स्टन चर्चिल.

१९४३ च्या नोव्हेंबरात चर्चिल इंग्लंडबाहेर पडले ते कामासाठीच. आधी कैरो, मग तेहरान. तेहरानला रूझवेल्ट आणि स्टालिन यांच्याशी बोलणी चालू असतानाच, ३० नोव्हेंबरला, त्यांना ६९ वे वर्ष पुरे झाले. परत कैरोला येईपर्यंत ते थकून गेले होते. ११ डिसेंबरच्या रात्री ते विमानाने ट्युनिसकडे निघाले, जनरल आयझेनहॉवर यांना भेटायला. विमान भलत्याच धावपट्टीवर उतरले. पहाटेच्या बोचऱ्या वाऱ्यात ब्रिटनचा पंतप्रधान आपल्या सामानाच्या पेटीवर बसून राहिला. अखेर आयझेनहॉवरच्या मुक्कामी पोहोचल्यावर त्यांनी यजमानाला सांगितले की आता मला पुढे जाववत नाही, अंगात त्राण येईपर्यंत इथेच राहावे लागेल.

ते गाव प्राचीन कार्थेजच्या अवशेषांना लागून होते. क्ष-किरण यंत्र आणवले गेले, न्यूमोनिया निघाला. पुढे दोन-तीन दिवसांत हृदयाचे ठोकेही अनियमित झाले. त्यांचे डॉक्टर लॉर्ड मोरान यांनी कैरोहून तज्ज्ञ आणि परिचारिका मागवल्या. चर्चिलना पेनिसिलिनने वाचवले, अशी एक गोष्ट आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत फिरत असते. ती खरी नाही. त्यांना दिले गेले ते ‘एम. अँड बी. ६९३’ नावाचे सल्फा जातीचे औषध, आणि हृदयासाठी डिजिटॅलिस. पत्नी क्लेमेंटाइन लंडनहून विमानाने आल्या. मुलगी सारा आधीपासून सोबत होती. ती व्यवसायाने नटी, युद्धात हवाई दलाच्या महिला विभागात अधिकारी झालेली.

या साराने पलंगाच्या पायथ्याशी बसून वडिलांना एक कादंबरी मोठ्याने वाचून दाखवली. ती जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. तिची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ चर्चिलनी फार पूर्वी वाचलेली होती. आता ही ऐकावी असे त्यांना वाटले. पुढे महायुद्धाच्या आपल्या सहा खंडांच्या इतिहासात त्यांनी या वाचनाची आठवण लिहून ठेवली आहे. तिचा आशय असा, की या कादंबरीतली माणसे किती निवांत जगत होती! त्यांना ना फ्रेंच राज्यक्रांतीची चिंता, ना नेपोलियनच्या युद्धांची. होता होईल तो मनोविकार आवरणारे सभ्य वागणे, आणि काही अडचण आलीच तर तिचे सुसंस्कृत स्पष्टीकरण. बस्स.

वाचकहो, तापाने ग्लानी आलेल्या माणसाचा हा शेरा म्हणून सोडून देता येईल. पण हा शेरा पुढे साहित्याचे नोबेल मिळालेल्या इतिहासकाराने, शांतपणे मेजावर बसून लिहिलेला आहे. म्हणून तो तपासायला हवा. या माणसांचे जगणे खरोखर इतके निवांत होते का?

आधी कादंबरी पाहू. लाँगबर्न गावात बेनेट नावाचे कुटुंब आहे. पाच मुली, मुलगा नाही. इस्टेट वारसाहक्काच्या अटीने दूरच्या एका पुरुष नातेवाइकाकडे जाणार आहे. म्हणजे बापाचे डोळे मिटले की आई आणि पाच मुली घराबाहेर. आपल्याकडच्या दत्तकाच्या आणि भाऊबंदकीच्या खटल्यांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना या निवांतपणाखाली काय चालले आहे ते सांगायला नको. शेजारच्या मेरिटन गावात एक पलटण मुक्कामाला येते आणि मुली लाल डगल्यांच्या अधिकाऱ्यांमागे वेड्या होतात. ही पलटण तिथे का आली, हे कुणी बोलत नाही. पण ती आली होती फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर फ्रेंच उतरतील या भीतीने अशा राखीव पलटणी गावोगाव फिरत होत्या. युद्ध कादंबरीत आहेच, ते दिवाणखान्यात नाचायला आले आहे एवढेच.

आणखी एक गंमत. या कादंबरीत परगावी आजारी पडण्याचा प्रसंगही आहे. थोरली मुलगी जेन पावसात भिजत घोड्यावरून शेजारच्या नेदरफील्डला जाते आणि तापाने तिथेच अंथरूण धरते. धाकटी एलिझाबेथ चिखल तुडवीत तीन मैल चालत तिच्या शुश्रूषेला येते. त्या परक्या घरात राहताना बहिणीची काळजी, घरच्यांचा तिरकसपणा आणि हातात एखादे पुस्तक, असे तिचे दिवस जातात. कार्थेजला पडलेल्या माणसाने हे प्रकरण मुलीच्या तोंडून ऐकताना काय वाटून घेतले असेल, ते त्यांनी लिहिलेले नाही.

आता लेखिकेचे घर पाहू. जेन ऑस्टिनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा. हे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाची ठिणगी पडली. तेव्हा कलकत्त्यास गव्हर्नर जनरल होते वॉरन हेस्टिंग्ज. वडगाव, सालबाई, नाना फडणीस या नावांशी हेस्टिंग्जचे नाव आपल्या मनात जोडलेले आहे. तेच नाव ऑस्टिनांच्या घरातही घेतले जाई, पण मोठ्या आदराने.

त्याचे कारण असे. जेनची आत्या फिलाडेल्फिया ही गरीब, अविवाहित मुलगी. १७५२ साली ती वर शोधण्यासाठी जहाजाने हिंदुस्थानात आली. कंपनीच्या नोकरीतल्या हॅनकॉक नावाच्या शस्त्रवैद्याशी तिचे लग्न झाले. १७६१ मध्ये कलकत्त्यास तिला मुलगी झाली, एलायझा. या एलायझाचे धर्मपिता हेस्टिंग्ज. त्यांनी तिच्या नावे १०,००० पौंड ठेवले. ही रक्कम किती मोठी होती, याची कल्पना एका आकड्यावरून यावी. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा हक्क जेनने प्रकाशकाला विकला तो ११० पौंडांना.

एलायझा पुढे फ्रान्सला गेली आणि एका फ्रेंच सरदाराची बायको झाली. राज्यक्रांतीत, १७९४ साली, त्या नवऱ्याचे डोके गिलोटिनखाली गेले. विधवा एलायझाने १७९७ मध्ये दुसरे लग्न केले ते जेनच्या सख्ख्या भावाशी, हेन्रीशी. म्हणजे आत्येबहीण होती ती वहिनी झाली. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा पहिला खर्डा जेनने लिहिला तो नेमका १७९६-९७ मध्ये. तेव्हा त्याचे नाव ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ होते. फ्रेंच राज्यक्रांतीची चिंता या माणसांना नव्हती असे चर्चिल म्हणतात. आणि ज्या घरात ते पुस्तक लिहिले गेले, त्या घराची होणारी सून राज्यक्रांतीने विधवा केलेली होती. जेनचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, आरमारात होते आणि नेपोलियनशी समुद्रावर लढत होते. टपाल यायला उशीर झाला की घरावर कोणते सावट पडे, ते तिला नक्की माहीत होते.

कादंबरी अखेर जानेवारी १८१३ मध्ये छापून आली, लेखिकेचे नाव न घालता. हेन्रीने तिची प्रत हेस्टिंग्जना पाठवली. त्यांना ती आवडली आणि त्यांनी तसे लिहून कळवले. हे वाचून आपल्याला केवढा आनंद झाला, ते जेनने बहिणीला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. नाना फडणीसांचा प्रतिस्पर्धी, पार्लमेंटातल्या सात वर्षांच्या खटल्यातून सुटलेला, ऐंशी वर्षांचा म्हातारा, आपल्या गावच्या वाड्यात बसून एलिझाबेथ बेनेटची गोष्ट वाचतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. हिंदुस्थानच्या कारभारातून दमून आलेल्या इंग्रजाला या कादंबरीने विसावा दिला, तो चर्चिलच्याही १३० वर्षे आधी.

चर्चिलचा आणि हिंदुस्थानचा संबंधही तरुणपणापासूनचा. ऑक्टोबर १८९६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते पलटणीबरोबर मुंबईस उतरले. ससून डॉकच्या पायऱ्यांशी होडीतून उतरताना कडी धरली, लाट हटली आणि खांदा निखळला. ते दुखणे जन्मभर राहिले. पुढे बंगळुरास छावणी. तिथल्या लांबलचक दुपारी आईने पाठवलेली पुस्तके त्यांनी वाचून काढली, गिबन आणि मेकॉले विशेषेकरून. शाळेत मागे पडलेल्या या मुलाचे खरे शिक्षण दख्खनच्या पठारावर झाले. आपल्या हैदराबादेशीही त्यांचा संबंध आला. हिंदुस्थानात उतरून दोन महिने व्हायच्या आत त्यांच्या पलटणीने इथे पोलोचा गोवळकोंडा चषक जिंकला आणि इथल्या प्रेक्षकांना चकित केले. एक कादंबरीही त्यांनी बंगळुरातच लिहायला घेतली, ‘सॅव्हरोला’. ती १९०० साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे ते स्वतःच मित्रांना ती वाचू नका असे सांगत. तात्पर्य, कादंबरी म्हणजे काय हे त्यांना आतून ठाऊक होते.

आता मी त्या भागाकडे येतो, जो टाळून हे व्याख्यान संपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१९४३ सालात चर्चिलना न्यूमोनिया दोनदा झाला. पहिल्यांदा फेब्रुवारीत, लंडनमध्ये. त्या आजारात त्यांनी डॅनियल डिफोची ‘मॉल फ्लँडर्स’ वाचली. त्याच फेब्रुवारीत पुण्यात, आगाखान पॅलेसच्या कैदेत, ७३ वर्षांचे गांधीजी २१ दिवसांचे उपोषण करीत होते. ते १० फेब्रुवारीला सुरू झाले आणि ३ मार्चला सुटले. मध्यंतरी प्रकृती इतकी ढासळली की पाण्यात मोसंबीचा थोडा रस घालावा लागला. चर्चिलनी या उपोषणाच्या काळात व्हाइसरॉयला तार करून विचारले की गांधी पाण्यातून ग्लुकोज घेतात असे ऐकतो, ते खरे का? तसे काही नव्हते. दोन म्हातारे, दोन रोगशय्या, एकच महिना. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे गेला तो फक्त संशय.

दुसरा न्यूमोनिया डिसेंबरातला, कार्थेजचा. त्या डिसेंबरात बंगालमध्ये काय चालले होते? १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेदिनीपूर भागाला वादळाने झोडपले. जपानी आलेच तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारी भागातला तांदूळ आणि होड्या हलवल्या वा मोडल्या. युद्धखर्चाने भाव कडाडले आणि मजुराची रोजी तिथेच राहिली. धान्यासाठी जहाजे द्या, या दिल्लीहून वारंवार गेलेल्या मागण्यांना लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने फार अपुरा प्रतिसाद दिला. चर्चिलचा व्यक्तिगत दोष किती आणि युद्धाच्या ओढाताणीचा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण हिंदुस्थानाविषयीचा त्यांचा तुच्छभाव त्यांचेच भारतमंत्री एमरी यांनी रोजनिशीत नोंदवून ठेवला आहे. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यू १५ लाख धरले. नंतरच्या अभ्यासकांचे आकडे ३० लाखांपर्यंत जातात. डिसेंबरात नवे पीक हाती आले होते, पण खंगलेल्या शरीरांना हिवताप आणि पटकीने गाठले, आणि मरणाऱ्यांची संख्या त्याच महिन्यात शिगेला पोहोचली. कोयनेलाचा तुटवडा होता, कारण ते जिथून येई ते जावा बेटही जपान्यांकडे गेले होते. पूर्णा जंक्शनला माझ्या आजोबांना कोयनेल का मिळाले नाही, हे मला फार उशिरा कळले.

एक धागा आणखी. जेनचा आरमारातला धाकटा भाऊ चार्ल्स पुढे रिअर अॅडमिरल झाला. १८५२ मध्ये, दुसऱ्या ब्रह्मी युद्धात, ऐरावती नदीवर जहाजातच पटकीने त्याचा अंत झाला. कामासाठी दूर गेलेला आणि परत न आलेला हाही एक. त्या युद्धात इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश घेतला. त्याच ऐरावतीच्या खोऱ्यातला तांदूळ पुढे बंगालच्या तोंडी लागला, आणि १९४२ मध्ये तो तुटला तेव्हा बंगालचे ताट रिकामे झाले. लाँगबर्नच्या दिवाणखान्यातून निघालेला धागा कलकत्त्याच्या फुटपाथवर येऊन पोहोचतो, तो असा.

मग काय म्हणायचे? ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ दोषी आहे का? मला तसे वाटत नाही. जेन ऑस्टिनने युद्ध कादंबरीबाहेर ठेवले, ते तिला माहीत नव्हते म्हणून नव्हे. ज्या दोन-चार घरांचे मन तिला आतून कळत होते, तेवढेच तिने प्रामाणिकपणे लिहिले. चर्चिलनी मात्र तिने गाळलेले जग नव्हतेच असे मानले. दमलेल्या माणसाने कादंबरीत विसावा शोधावा, यात गैर काही नाही. पण ज्याच्या सहीने जहाजे हलतात, त्याने विसाव्याच्या खोलीचे दार मिटले की बाहेरच्यांना त्याची किंमत मोजावी लागते. पुस्तक माणसाला धीर देते. ते त्याला आपोआप दयाळू करीत नाही. एलिझाबेथ बेनेटचा सारा धडा असा, की पहिल्या ग्रहाने माणसाची पारख करू नये. तो धडा मुलीच्या गोड आवाजात ऐकूनही चर्चिलचा हिंदुस्थानविषयीचा पूर्वग्रह तसूभर हलला नाही.

नाताळच्या दिवशी त्यांनी कार्थेजलाच सेनापतींची बैठक घेतली. इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचा बेत तिथे पक्का झाला. मग माराकेशला थोडी विश्रांती, आणि जानेवारीत ते मायदेशी परतले. फेब्रुवारीत, २२ तारखेला, आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. त्याही कैदेत आजारी होत्या.

मी पुन्हा आजोबांच्या ‘उषःकाल’कडे येतो. मला अलीकडे वाटू लागले आहे की आजारी माणूस कादंबरीत काय शोधतो, ते त्याच्या जगण्यात काय उणे आहे त्यावरून ठरते. साम्राज्याचा धनी निवांतपणा शोधत होता, म्हणून त्याला निवांतपणाच दिसला. निझामी राज्यातला, घरापासून तुटलेला एक रेल्वेचा नोकर उजाडण्याची वाट पाहत होता. त्याला शिवकाळाच्या पहाटेची गोष्ट हवी होती. जे पुस्तक त्याच्या हाती आले, त्याच्या नावातच पहाट होती.

तुमच्याही घरात असे एखादे पुस्तक असेल. पाने सुटलेली, पुठ्ठ्यावर औषधाचा डाग पडलेला. ते कुणी, कुठे, कोणत्या दुखण्यात वाचले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या आणि आतल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. आणि शेजारी एक गोष्ट आणखी लिहा: त्या वेळी खोलीबाहेर काय चालले होते. आपल्या घरांचा इतिहास या दोन नोंदी मिळूनच पुरा होतो. आजोबांच्या बाबतीत पहिली नोंद मला मिळाली, दुसरी मी आज केली.